धूर घालवणारा पंखा : आधी वाट, मग वारा



दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या बोटीला आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझवण्यास गेलेले ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो.

या सप्ताहानिमित्त आपल्या कारखान्याच्या आवारात जे प्रात्यक्षिक झाले, त्यात एक नवी वस्तू मांडली होती. लोखंडी चौकट, खाली दोन चाके, मागे पेट्रोलचे इंजिन आणि पुढे जाळीत बसवलेला मोठा पंखा. इमारतीत कोंडलेला धूर बाहेर घालवण्याचे हे यंत्र आहे. ते पाहून एका बुजुर्ग सभासदांनी विचारले, "अहो साहेब, आगीला वारा घालून आग विझते होय? भडकेल की!"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत संपणारे नाही. म्हणून हा लेख.

ऊस विकास खात्याचा आणि धुराचा काय संबंध, असेही कोणी म्हणेल. संबंध आहे. आम्ही रोज आपल्या बांधावरून फिरतो. गोठ्याला लागून रचलेले पाचट, घरातच ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, खताच्या खोलीत चालू केलेला फवारणी पंप, विहिरीत टप्प्यावर उतरवलेले इंजिन हे सगळे आमच्या नजरेखालून जाते. उसाची जोपासना करायची ती माणूस सुखरूप राहावा म्हणूनच ना?

धूर म्हणजे नुसती काळी हवा नव्हे

आगीत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळांचा जीव ज्वाळा अंगाला लागण्याआधीच धुराने जातो. याची कारणे तीन.

पहिले कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू. जळणाला पुरती हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो तांबडा घटक आहे, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट अधिक जोराने चिकटतो. म्हणजे माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही.

दुसरे कारण जळणाऱ्या मालाचे. पूर्वी घरात लाकूड, गवत, घोंगडी जळत असे. आता फोमची गादी जळते, पीव्हीसीचे पाइप जळतात. फोमच्या धुरात सायनाइडचा विषारी वायू असतो. पीव्हीसीच्या धुरातून निघणारा वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि घसा व फुप्फुसे पोळतो.

तिसरे कारण उष्णता. तापलेला धूर आधी आढ्याला जातो आणि मग वरून खाली भरत येतो. म्हणून धुरात सापडल्यास ताठ उभे राहू नये. रांगत, भिंतीच्या कडेने दार गाठावे. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते.

आणखी एक गोष्ट. दाट, तापलेला धूर स्वतःच जळण असतो. बंद खोलीत आग हवेवाचून गुदमरून धुमसत असते. अशा वेळी कोणी एकदम दार उघडले की ताजी हवा आत शिरते आणि कोंडलेला धूर भडका घेऊन दारातून बाहेर येतो. तेव्हा त्या बुजुर्गांची शंका खोटी नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी वारा घातला तर आग भडकतेच.

चुलवाणाचा धडा

मग हा पंखा कशाला? गुऱ्हाळाचे चुलवाण डोळ्यांसमोर आणा. तोंडातून चिपाड आत जाते, हवाही तिथूनच जाते, आणि धूर दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून वर जातो. धुराडे काजळीने तुंबले तर काय होते? कितीही वारा घाला, धूर उलटा तोंडाशी येतो आणि चिपाड घालणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. यात दोष वाऱ्याचा नसतो, बाहेर जाण्याची वाट बंद असते. हाच या साऱ्या विद्येचा पाया आहे : आधी वाट, मग वारा.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. माळवदाच्या घराला उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी वर सवणे ठेवीत. आता स्लॅबच्या बंद घरांत, पत्र्याच्या गोदामांत ती सोय राहिली नाही. तिथे अडकलेला धूर आपसूक निघत नाही.

ओढणारा पंखा आणि ढकलणारा पंखा

धूर काढण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत ओढण्याची. दारात किंवा खिडकीत पंखा बसवून आतला धूर बाहेर ओढायचा. यात अडचणी होत्या. पंखा ऐन दारात, म्हणजे जाण्यायेण्याची वाट अडते. गरम, काजळीचा धूर यंत्रातूनच जातो. पंख्याभोवती फट राहिली तर बाहेर टाकलेला धूर पुन्हा आत येतो.

दुसरी रीत ढकलण्याची. अमेरिकेतील अग्निशमन दलांत ती १९८० नंतरच्या दशकात रूढ होत गेली. यात पंखा दाराच्या बाहेर, स्वच्छ हवेत ठेवतात. तो बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे आत हवेचा दाब किंचित वाढतो आणि धूर दुसऱ्या बाजूच्या उघड्या वाटेने निघून जातो. दार मोकळे राहते. आत जाणाऱ्या जवानाच्या पाठीशी ताजी हवा असते आणि धूर त्याच्यापासून दूर जातो.

असे पंखे विजेवर, पेट्रोलवर आणि अलीकडे बॅटरीवरही चालतात. आग लागली की पहिल्यांदा वीज तोडावी लागते, म्हणून जागेवरच्या विजेवर भरवसा ठेवता येत नाही. पेट्रोलचा पंखा कोठेही नेता येतो आणि त्याचा जोरही मोठा असतो. पण त्याची एक वाईट खोड आहे, ती पुढे सांगतो.

पंखा मांडण्याची रीत

हे काम शिकलेल्या माणसांचे आहे. तरीही बंबवाले येऊन काय करताहेत हे सभासदांना समजले तर मदत होते, निदान अडथळा तरी होत नाही.

पहिली गोष्ट, धूर बाहेर जाण्याची वाट आधी उघडायची. ती पंख्याच्या समोरच्या बाजूला, शक्यतो वारा जिकडे वाहतो आहे त्या अंगाला असावी. आग विझली नसेल तर ती वाट आगीच्या खोलीतूनच बाहेर निघाली पाहिजे. नाहीतर आगीचा धूर आणि ज्वाला घरभर फिरवून आणल्यासारखे होते. वाटेच्या तोंडाशी बाहेर कोणी माणूस, जनावर, गंजी नाही हे पाहायचे, कारण सारी उष्णता तिथूनच बाहेर पडणार असते.

दुसरी गोष्ट, पंखा उंबऱ्यात ठेवायचा नाही. दारापासून साधारण ४ ते ८ फूट मागे ठेवायचा. पंख्याची हवा पुढे जाताना पसरत जाते. ती साऱ्या चौकटीवर पसरली पाहिजे. पंखा फार जवळ असला तर हवा दाराच्या मध्यभागी शिरते आणि चौकटीच्या वरच्या अंगाने धूर परत बाहेर येतो. चौकटीच्या वर फडक्याची पट्टी धरली म्हणजे हवा आत जाते की बाहेर येते ते लगेच कळते.

तिसरी गोष्ट, आतबाहेरच्या वाटांचे प्रमाण. बाहेरची वाट आतल्या वाटेइतकी किंवा थोडी कमी-जास्त असावी. आपले साडेतीन फूट बाय सात फुटांचे दार म्हणजे साडेचोवीस चौरस फूट. तीन बाय चारची खिडकी म्हणजे बारा चौरस फूट. तेव्हा एका दाराच्या वाऱ्याला तशा दोन खिडक्या पाहिजेत.

चौथी गोष्ट तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. उसाला पाणी देताना पाटाची सगळी दारी एकदम फोडली तर शेवटच्या सरीला पाणी पोचते का? वाऱ्याचेही तसेच. सगळी दारे-खिडक्या उघडल्या की वारा जवळच्या वाटेने निघून जातो आणि कोपऱ्यातल्या खोलीत धूर तसाच राहतो. एक खोली घ्यायची, तिची वाट उघडायची, बाकीची दारे लावायची. ती निवळली की पुढची. सरीमागून सरी भिजवावी तसे.

आणि पाचवी गोष्ट, निसर्गाचा वारा. न्यूयॉर्कजवळच्या गव्हर्नर्स बेटावर २००८ साली एका सात मजली इमारतीत मुद्दाम आगी लावून प्रयोग केले गेले. खिडकीतून जोराचा वारा आत घुसत असेल, तर नुसत्या पंख्याला तो परतवता येत नाही असे तिथे दिसून आले. म्हणजे उफणणीला उभे राहताना आपण वाऱ्याचे तोंड पाहतो, तसेच इथेही पाहायचे. वाऱ्याशी भांडण करायचे नाही.

थोडा हिशेब

समजा घर ३० बाय २० फुटांचे आणि उंची १० फूट. आत हवा झाली ६,००० घनफूट. पंखा दर मिनिटाला १०,००० घनफूट हवा ढकलतो असे धरा. कागदावर अर्ध्या-पाऊण मिनिटात घर साफ! पण तसे होत नसते. आत येणारी हवा धुरात मिसळत जाते. पूर्ण मिसळली असे धरले, तर एकदा घराइतकी हवा आत गेल्यावरही सुमारे ३७ टक्के धूर उरतो, दोनदा गेल्यावर १४ टक्के आणि तीनदा गेल्यावर ५ टक्के. शिवाय पंख्याची सारी हवा दारातून आत जातेच असे नाही. म्हणून घराला काही मिनिटे धरावीत.

आता २०० बाय १०० फुटांचे आणि २५ फूट उंचीचे गोदाम घ्या. आत ५ लाख घनफूट हवा. त्याच पंख्याला ती एकदा बदलायला ५० मिनिटे, आणि तीनदा बदलायची तर अडीच तास. एवढ्यासाठी एकापेक्षा अधिक पंखे लागतात आणि धीरही लागतो. "पंखा लावलाय, आता आत जायला हरकत नाही" असे म्हणून पाच मिनिटांत कोणी गोदामात शिरू नये.

कोठे हा पंखा लावू नये

बगॅसच्या ढिगाला कधीही नाही. वरून विझलेला दिसणारा ढीग आतून दिवसेंदिवस धुमसत असतो. त्याला वारा म्हणजे भात्याने फुंकर. पाचटाच्या गंजीचेही तेच. तिथे पाणी आणि ढीग पसरून विझवणे हाच मार्ग.

साखरेची धूळ साचलेल्या जागीही नाही. साखर गोड, पण तिची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर दारूसारखी फुटते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट झाला आणि १४ कामगार प्राणास मुकले. पहिला स्फोट साखर वाहून नेणाऱ्या बंदिस्त पट्ट्याच्या जागी झाला. त्याच्या हादऱ्याने इमारतीत ठिकठिकाणी साचलेली धूळ उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. आपले पुष्कळ सभासद आणि त्यांची मुले कारखान्यात काम करतात. धूळ साचलेल्या जागी वाऱ्याचा झोत मारणे किती घातक, हे त्यांनी या उदाहरणावरून ओळखावे. धूळ ती साचण्याआधीच, न उडवता काढली पाहिजे.

आणि आग चालू असताना शिकलेली माणसे आणि पाण्याची भरलेली नळी हजर नसेल तर पंखा सुरू करायचा नाही. आग पुरती विझल्यावर उरलेला धूर काढणे हा त्याचा सर्वांत निर्धोक उपयोग आहे. तेव्हासुद्धा कोपऱ्यात, माळ्यावर, कापडाच्या गाठोड्यात निखारा राहिला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

काही सभासदांनी विचारले, "आमचा उफणणीचा पंखा लावला तर?" लावू नये. त्याचा झोत या कामाचा नाही, त्याची मोटर धुरात चालण्याजोगी नाही, आणि आगीजवळ विजेची वायर ओढत नेणे हे नवे संकट.

पंख्याची वाईट खोड

पेट्रोलचे इंजिन म्हटले की त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आलाच. म्हणजे जो वायू घरातून काढायचा, तोच हे इंजिन तयार करते. पंखा दाराबाहेर असला तरी त्याच्या नळकांड्यातला धूर हवेबरोबर थोडाफार आत जातो. म्हणून काही ठिकाणी नळकांड्याला लांब नळी जोडून तो दूर सोडतात, दृश्य धूर निघून गेल्यावर पेट्रोलचा पंखा बंद करतात, आणि वायूमापक यंत्राने हवा तपासल्याशिवाय घरच्या माणसांना आत सोडत नाहीत. हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ आहेच असे नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

ज्यांनी हा पंखा कधी पाहिला नाही, त्यांनाही ही गोष्ट लागू आहे. पेट्रोल-डिझेलचे इंजिन कोणतेही असो, फवारणीचा पंप, जनरेटर, कडबाकुट्टी, ते बंद खोलीत, गोठ्यात, शेडनेटच्या स्टोअरमध्ये चालवू नका. दार अर्धे उघडे ठेवले म्हणजे भागत नाही. लाइट गेली म्हणून पडवीत जनरेटर लावून घरात झोपणे म्हणजे मरणाला आवतण देणे आहे.

या वायूची बाधा सुरू झाली की डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय लटके पडतात. माणूस म्हणतो, "पित्त झालंय, जरा पडतो." आणि पडतो तो उठत नाही. एकाच घरात दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर पित्त समजू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखान्यात न्या. बोटाला लावायचे जे प्राणवायू मोजायचे यंत्र आता घरोघरी आहे, त्यावर इथे विसंबू नका. रक्ताला विषारी वायू चिकटलेला असला तरी ते यंत्र आकडा चांगलाच दाखवते. धुरात सापडलो होतो, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

विहिरीविषयी दोन शब्द

धुराइतकीच विहिरीतली हवा आपल्याकडे जीव घेते. विहिरीत टप्प्यावर इंजिन बसवून चालवले की त्याचा धूर वर येत नाही, आतच कोंडतो. वापरात नसलेल्या विहिरीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात, मळीच्या टाकीत इंजिन नसतानाही घातक वायू साचतात. कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतात. शिवाय हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजू नये.

आपल्याकडे कंदील सोडून पाहायची रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे समजते. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक, हे मात्र खोटे. माणसाला मारण्याइतका विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला काडी लावणे.

इथेही तोच नियम. विहिरीच्या काठावर पंखा लावून वरच्या वर वारा घातला तर तळाची हवा हलत नाही. हवा रुंद नळीने तळापर्यंत सोडली, तरच खालची जड हवा वर ढकलली जाते. इंजिन काठापासून दूर आणि त्याचा धूर वाऱ्याच्या दिशेने बाहेर जाईल असे ठेवावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकजण खाली कोसळला की दुसरा "मी काढतो त्याला" म्हणून धावत उतरतो, मग तिसरा. एका घरातली दोन-तीन कर्ती माणसे अशी एका दमात जातात. दोर आणि श्वासाचे यंत्र घेऊन येणाऱ्यांची वाट पाहणे फार जड जाते, काळीज तुटते. पण खाली उतरणारा दुसरा माणूस पहिल्याला वाचवत नाही, घराचे दुःख दुप्पट करतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) धूर दिसला की आधी माणसे बाहेर, मग जनावरांचे दावे कापा, मग फोन : ११२ किंवा १०१. वस्तूंसाठी पुन्हा आत जाऊ नये.

२) बाहेर पडताना जळत्या खोलीचे दार ओढून घ्या. बंद दार धूर आणि आग दोन्ही अडवते.

३) बंब येईपर्यंत बाहेरून खिडक्या फोडू नका. वाट कोठे करायची हे येणाऱ्यांना ठरवू द्या. घरात कोणी अडकले असल्यास कोणत्या खोलीत, ते मात्र लगेच सांगा.

४) गोदाम, गोठा, खताची खोली बांधताना समोरासमोर दोन वाटा ठेवा. एक दार आणि तीन बंद भिंती ही बांधणी धुराला फार सोयीची.

५) झोपायच्या खोलीत पाचट, पाइप, ठिबकच्या नळ्या, पेट्रोलचा डबा ठेवू नका.

६) बंद जागेत इंजिन नको, आणि हवा तपासल्याशिवाय विहिरीत उतरणे नको.

यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही. समोरच्या भिंतीत एक खिडकी ठेवायला जेवढ्या विटा वाचतात, तेवढाच तो हिशेब. आपल्या गटाचे शेतकी कर्मचारी पाचटाच्या आणि खोडव्याच्या पाहणीसाठी येतील, तेव्हा त्यांना गोठा आणि गोदामही दाखवा. वाट कोठे काढता येईल हे पाहून सांगण्यास आम्ही बांधील आहोत.

— ऊस विकास अधिकारी